घोडेबाजाराच्या बातमीत न आलेला आजार

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सारंगखेड्याच्या यात्रेवर आपण छापलेलं पानभर सचित्र वृत्त वाचलं. कुठला पांढराशुभ्र नुकरा घोडा पंजाबहून आला, कोणत्या घोड्याला किती लाखांची मागणी झाली, कोण रोज किती लिटर दूध पितो, सगळं आलं. दरवर्षी तेच येतं आणि दरवर्षी मी ते चवीने वाचतो, खोटं कशाला बोलू. एकमुखी दत्ताला नारळ फोडून तापीकाठच्या त्या धुळीत हिंडण्यात माझं आयुष्य गेलं. पण चार राज्यांतली जनावरं एका माळावर येतात, एकमेकांच्या बादल्यांत तोंड घालतात आणि आठ-दहा दिवसांनी आपापल्या गावी जातात. त्यांच्याबरोबर आणखी काय जातं, ते त्या पानावर कधी नसतं. त्यातल्या एकाबद्दल, घोड्या गाभडवणाऱ्या (गर्भ पाडणाऱ्या) एका विषाणूबद्दल, लिहायला बसलो आहे. पत्र लांबणार. कापायचंच झालं तर वरचं कापा, शेवटचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार शहादा तालुका. वडिलांच्या वेळेपासून दारात घोडं आहे. २०२३ मध्ये दोन मारवाडी घोड्या होत्या, चांदणी आणि बिजली, आणि एक धनगरांकडून घेतलेलं एकोणीस वर्षांचं तट्टू, जिला घरात सगळे ‘म्हातारी’च म्हणतात. (तिच्या जातीला आता ‘भीमथडी’ म्हणून सरकारी नोंद मिळाली आहे. म्हातारीला त्याचं काही नाही, तिचा हरभरा तेवढाच.)

२०२३ च्या डिसेंबरातल्या यात्रेत मी एक वछेरी, म्हणजे तरुण घोडी, घेतली. दोन वर्षांची, कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं), गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा. अशी खूण असली की माझ्यासारखा शिकलेला माणूससुद्धा बावळट होतो. रुमालाखाली बोटं दाबून सौदा १ लाख ३५ हजारांना तुटला. १ लाख २० हजार जागेवर मोजले, पंधरा हजारांची बाकी संक्रांतीनंतर द्यायची ठरली. व्यापारी राजस्थानकडचा, वयाने माझ्याएवढाच. जाताना त्याने वछेरीच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाला, ‘मास्तरजी, बेटी समझके रखना.’

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी वछेरीचं नाक गळायला लागलं. थोडा खोकलाही होता. यात्रेची धूळ बाधली असेल म्हणून आलं-गूळ-हळद चालू केलं. बांधली होती चांदणीच्या शेजारी. बादली एक, चंदीची पाटी एक, आणि दोघींच्या तोंडावरून हात फिरवणारा पोरगाही एक. चांदणीला तेव्हा दहावा महिना लागत होता.

१७ जानेवारीला पहाटे पोरगा धावत आला. जाऊन बघतो तर चांदणी उभी, शांत, गवत ओढतेय. मागे जमिनीवर पिशवीसकट शिंगरू पडलेलं. ना कळा, ना घाम, ना आधी कास भरली होती. पिशवी फाडली. पूर्ण अंग आलेलं, कपाळावर आईसारखी चांदणी, पापण्यांवर केस. खुरं ताडगोळ्यासारखी मऊ आणि पिवळसर, जन्मायच्या आधी असतात तशी. हाताला ऊब लागत होती, पण श्वास नव्हता. सौ.ने पदर तोंडाला लावला. चांदणीने एकदा मान वळवून हुंगलं आणि पुन्हा गवताला लागली. ते मला सगळ्यांत जड गेलं.

मग मी जे केलं ते आमच्याकडे सगळेच करतात. उजाडायच्या आत बांधाला खड्डा खणला आणि शिंगरू पुरलं. कुणाला बोलायचं नाही, पोरालाही दम भरला. कारण ‘ही घोडी गाभडते’ हा शिक्का एकदा बसला की घोडीची किंमत निम्म्यावर येते आणि दावणीतल्या बाकीच्या जनावरांकडेही लोक तिरक्या नजरेने बघतात. या पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती त्याचसाठी. नाव-पत्ता आपल्याकडे वेगळ्या कागदावर दिला आहे. ज्या लपवालपवीविरुद्ध पत्र लिहितोय तीच मी इथेही करतोय, हे मला कळतं. पण अजून तीन जनावरं विकायची आहेत.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन लावला. बत्तीस वर्षं पोरांना ‘नीट बोला’ शिकवणाऱ्या माणसाने त्या दिवशी काय काय तोंडातून काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोगट जनावर गळ्यात मारलंस, बाकी विसर, असा एकूण मथितार्थ. तो एवढंच म्हणत राहिला की माझ्याकडे होती तेव्हा धडधाकट होती. २०२४ च्या यात्रेत तो पुन्हा दिसला तेव्हा त्याच्या तंबूसमोर चार लोकांत मी तेच पुन्हा बोललो. त्याची दोन गिऱ्हाइकं माझ्यादेखत उठून गेली.

खरं तर त्या यात्रेआधीच मला उत्तर मिळालेलं होतं, ते पचलं नव्हतं एवढंच. ३ फेब्रुवारीला बिजली गाभडली, नवव्या महिन्यात, तशीच, न कण्हता. या वेळी खड्डा खणताना हात चालेना. पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्याने आलेल्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. आमच्या भागात सगळे डॉक्टर गाई-म्हशींचे, घोड्याजवळ जायचं म्हटलं की दोन पावलं मागेच. या बाईंनी मात्र हातमोजे चढवले, गोठ्याबाहेर प्लास्टिक अंथरलं आणि शिंगरू उघडलं. छातीत पिवळसर पाणी साठलेलं. काळजावर, म्हणजे यकृतावर, पांढरे ठिपके, बारीक रवा सांडावा तसे. त्यांनी विचारलं, ‘पहिलं कुठे आहे?’ मी बांधाकडे बोट केलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

काळीज, फुप्फुस, पानथरी यांचे तुकडे बाटल्यांत भरून, बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यात बसवले. खोकं हिसारला जायचं होतं, हरियाणात. तिथे १९८५ पासून राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय? मी शिक्षक माणूस, खरं सांगितलं. त्याने खोकं बोटाने परत सरकवलं. शेवटी भाचा रेल्वेने निघाला, सुरतेला उतरून बर्फ बदलला आणि दिल्लीमार्गे हिसारला पोचवून आला. सगळ्या घोड्यांचं रक्तही गेलं. चौकशी करून, पैसे मोजून, भाच्याच्या चार रजा घालवून एक नमुना पोचला. ज्याला भाचा नाही त्याने काय करावं, हा माझा पशुसंवर्धन खात्याला पहिला प्रश्न.

अहवाल आला. पीसीआर चाचणीत घोड्यांचा नागीणवर्गीय विषाणू, प्रकार १. इंग्रजीत हर्पीस म्हणतात तोच गोतावळा. आणि रक्ताच्या चाचणीत चारही जनावरांत या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं निघाली. वछेरीत, दोन्ही घोड्यांत, आणि पाच वर्षं गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या म्हातारीतसुद्धा.

मी म्हटलं, ‘बघा, त्या वछेरीने सगळ्यांना लावलं.’ मॅडमनी विचारलं, ‘मास्तर, तुम्हाला नागीण झाली होती ना?’ झाली होती, २०१८ ला, डाव्या बरगडीवर. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून आईने गेरूचे पट्टे ओढले होते. ‘ती कुणाकडून लागली तुम्हाला?’ मी गप्प. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, त्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत पन्नास वर्षं झोपून राहिला आणि अंग खचलं तेव्हा उठला, एवढं मलाही वाचून माहीत होतं. घोड्यांचा हा विषाणू त्याच कुळातला. तो तोंडाच्या मज्जातंतूच्या गाठीत आणि घशाजवळच्या लसिकाग्रंथींत दडून बसतो. घोडा चांगला खातो, पळतो, विकला जातो. प्रवास, उपास, दूध तोडणं, खच्चीकरण, जागा बदलणं, यातल्या कशानेही ताण आला की विषाणू पुन्हा नाकातून बाहेर पडू लागतो, आणि घोड्याला शिंकही येत नाही. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये संशोधकांनी बऱ्या दिसणाऱ्या तट्टांना स्टेरॉइडची इंजेक्शनं देऊन झोपलेला विषाणू जागा करून दाखवला. यात्रेत घोडा थकलेला दिसू नये म्हणून ‘ताकदीची सुई’ मारणारे आमच्याकडे आहेत. सुईत काय असतं ते घेणाराही विचारत नाही.

लागण झाल्यापासून गाभडेपर्यंत नऊ दिवसांपासून चार महिन्यांपर्यंत कितीही काळ जाऊ शकतो, असंही मॅडमनी सांगितलं. म्हणजे वछेरीने आणला, की चांदणीतच होता, की म्हातारीने दिला, हे हिसारलाही सांगता येणार नव्हतं. वछेरीची सर्दी वेगळीही असू शकेल. याच विषाणूचा एक भाऊ आहे, प्रकार ४, तो बहुधा तरुण जनावरांना सर्दी-खोकला देऊन सोडतो. १९८१ पर्यंत शास्त्रज्ञ दोघांना एकाच विषाणूचे दोन उपप्रकार समजत होते. रक्तावरून दोघांना वेगळं ओळखणारी खात्रीची चाचणी मेलबर्नच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली.

निवृत्त माणसाला वेळ भरपूर. मुलगी पुण्याला आहे, तिच्याकडून लेख छापून मागवले आणि शब्दकोश घेऊन बसलो. अमेरिकेतल्या केंटकीत, जिथे शर्यतीच्या घोड्यांची पैदास हाच धंदा, तिथे डिमॉक आणि एडवर्ड्स या दोघांनी १९३० च्या दशकात पहिल्यांदा दाखवलं की घोड्यांचे हे गर्भपात जिवाणूने नव्हे, विषाणूने होतात. ऑस्ट्रेलियात हंटर खोऱ्यातल्या स्टड फार्मवर १९९० च्या दशकात अभ्यास झाला. तिथे दिसलं की आईकडून शिंगराला आणि शिंगराकडून दुसऱ्या शिंगराला हा विषाणू दूध तुटायच्या आधीच पोचलेला असतो. म्हणजे आपण ज्याला नवं, कोरं जनावर म्हणून घेतो ते बहुतेक वेळा कोरं नसतंच. हे वाचून मी दोन दिवस वर्तमानपत्रही उघडलं नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. या विषाणूची संपूर्ण जनुकीय लिपी १९९२ मध्ये वाचून झाली, सुमारे दीड लाख अक्षरांची. २००६ मध्ये संशोधकांना दिसलं की घोड्याला लुळं करणाऱ्या विषाणूंत बऱ्याचदा एकाच ठिकाणी एका अक्षराचा फरक असतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत वेलांटीचा असतो तेवढा. मात्र ‘ऱ्हस्व’वाल्या, म्हणजे तो फरक नसलेल्या, विषाणूनेही घोडे लुळे पडलेले सापडले, त्यामुळे नुसत्या त्या अक्षरावरून भविष्य सांगता येत नाही. शास्त्रज्ञ हे स्वतःच लिहून ठेवतात, याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्या बाजारात भोवरा बघून घोड्याचं आणि मालकाचं भविष्य सांगणारे बसलेत, त्यांच्या तोंडून ‘पण’ हा शब्द मी कधी ऐकला नाही.

लुळं पडणं म्हणजे काय ते थोडक्यात. विषाणू पांढऱ्या पेशींत बसून रक्तातून फिरतो. गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून त्यांत गुठळ्या झाल्या की वार सुटते आणि आत शिंगरू गुदमरतं. तेच पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूच्या वाहिन्यांत झालं की मागचे पाय लटपटतात, शेपूट ढिली पडते, लघवी ठिबकत राहते, घोडा कुत्र्यासारखा बसतो आणि कधी कधी उठतच नाही. आमच्याकडे याला ‘वारं गेलं’ म्हणतात आणि डाग देतात. माझ्या लहानपणी शेजारच्या गावात एका पावसाळ्यात तीन तट्टं अशी बसली होती. कशाने, ते आता कोण सांगणार?

आपली यात्रा आणि परदेशातले मेळावे यांत या बाबतीत फरक नाही. अमेरिकेत युटा राज्यातल्या ऑग्डेनला २०११ मध्ये घोड्यांची एक मोठी स्पर्धा झाली. जनावरं घरी पोचल्यावर ताप उमटला. दहा राज्यांत मिळून ९० घोड्यांना लागण झाल्याचं सिद्ध झालं, १३ दगावले किंवा दया-मरण द्यावं लागलं. २०२१ च्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला तसंच झालं. रोग ओळखण्याआधीच काही घोडे दुसऱ्या देशांत गेले होते. त्या साथीत १८ घोडे मेले आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने युरोपातल्या दहा देशांतल्या स्पर्धा ११ एप्रिलपर्यंत थांबवल्या. त्यानंतर तिथे स्पर्धेला येणाऱ्या घोड्याच्या रोजच्या तापाची नोंद मोबाइलवर द्यावी लागते. ताप ही या रोगाची पहिली आणि कित्येकदा एकुलती खूण. थर्मामीटर दोनशे रुपयांत येतो. आमच्या माळावर घोड्याच्या गळ्यात हजारांचे गोंडे असतात आणि थर्मामीटर मी एकाकडेही पाहिलेला नाही, माझ्या स्वतःकडेही नव्हता.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. त्या डिसेंबरात मी सारंगखेड्याला नुसता वछेरी घ्यायला गेलो नव्हतो. चांदणीलाही नेलं होतं. नऊ महिने भरलेली घोडी उघड्या टेम्पोत चढवली, कारण तिचं पोट बघून लोकांनी होणाऱ्या शिंगराला आत्ताच मागणी घालावी ही माझी हाव. टेम्पोत ती सारखी पाय बदलत होती, दोन दिवस पाणी नीट प्यायली नाही. पाच दिवस ती त्या माळावर उभी होती आणि येणारा-जाणारा तिच्या नाकपुड्या दाबून, ओठ वर करून दात बघत होता, आधीच्या घोड्याची लाळ लागलेल्या त्याच हातांनी. मॅडमनी ‘तिला कुठे नेलं होतं का?’ असं विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो. सौ. आत चहा करत होती, तिने भांडं जरा जोरात आपटलं.

करायचं काय, तर फार काही अवघड नाही. यात्रेत गाभण घोड्यांना येऊच देऊ नये, आणि आल्याच तर वेगळा माळ, वेगळं पाणी असावं. आत सोडताना प्रत्येक जनावराचा ताप मोजावा. १०१.५ च्या वर असेल ते बाजूला. विकत घेतलेलं जनावर घरी आणल्यावर तीन आठवडे लांब बांधावं, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा, आणि त्याचं आवरून झाल्यावर साबणाने हात धुवावेत. साबण आणि ब्लीचिंगच्या पाण्याने हा विषाणू मरतो. माणसाला तो बाधत नाही, पण माणसाच्या हातावर बसून जातो. गाभडलेलं शिंगरू पुरण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात कळवावं, आणि तिथून ते हिसारला पोचवण्याची सोय सरकारने करावी. ग्लँडर्स या घोड्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ताचे नमुने जातात, मग याचे का नाही? लस आहे. हिसारच्या केंद्राने भारतातल्याच विषाणूपासून गाभण घोड्यांसाठी एक तयार केली आहे, ‘इक्विहर्पाबॉर्ट’ नावाची. अशा लसी पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात टोचतात. लुळेपण हमखास थांबवणारी लस मात्र जगात अजून कुणाकडे नाही.

गाभडलेली घोडी वांझ होते हा समजही सोडावा. चांदणी पुन्हा गाभण राहिली. तिन्ही महिन्यांच्या सुया टोचल्या, टेम्पो दाखवला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये व्याली. वछेरा आहे, काळा, सगळ्यांना चावतो.

आणि आता शेवटचं. तो व्यापारी मराठी वाचत नाही, पण त्याच्या तंबूला खुंट्या ठोकणारी पोरं इकडचीच आहेत, ती वाचतात. त्यांनी त्याला सांगावं की पंचकल्याण वछेरीवाल्या मास्तराने निरोप दिलाय. वछेरी चांगली निघाली, आता सातव्या महिन्यात आहे, दुसरी सुई झाली. मी चार लोकांत जे बोललो ते कशाच्याही आधारावर नव्हतं. पुढच्या यात्रेत त्याच्या तंबूसमोर, त्याच वेळी, लोक जमतील तेव्हा येऊन हे पुन्हा मोठ्याने सांगणार आहे. पंधरा हजारांची बाकी पाकिटात घालून कपाटात ठेवली आहे. त्याआधी इकडे येणं झालं तर घरी यावं, वछेरीला बघून जावं. आत येताना हात धुवावे लागतील, रागवू नये, आम्हीही धुतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, शहादा तालुका, जि. नंदुरबार
(नाव छापू नये)